आवडून राहिली

आत्याच्या घरची पहिली आठवण आमटीची आहे. तिच्यात गूळ होता. अकोल्याला आमच्याकडे गूळ पोळीत जायचा, उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर पाण्याआधी ठेवला जायचा, पण डाळीत त्याचं काही काम नसे. मी पहिला घास घेतला आणि थांबले. समोर काका, म्हणजे आत्याचे यजमान, जेवत होते. त्यांचं ताट आखल्यासारखं असायचं, डावीकडची चटणी उजवीकडे कधी यायची नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय झालं? आमटी आवडली नाही?" मी घाईघाईने म्हणाले, "नाही काका, आवडून राहिली." काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "आवडून राहिली," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे आधी आवडली, आणि मग इथेच राहिली. आणि जाणार कधी?" स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला." मी जेवले. आमटीत गूळ होता हे नंतर मला जाणवलंही नाही, कारण "जाणार कधी" हे शब्द आमटीविषयी होते की माझ्याविषयी, याचाच विचार मी हात धुवेपर्यंत करत होते.

मी बी.कॉम.साठी पुण्यात आले होते. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती आणि मुलीने खोली घेऊन राहायला बाबांची तयारी नव्हती. आत्याने काकांना विचारलं, काका "हरकत नाही" म्हणाले, आणि त्या दोन शब्दांवर माझं शिक्षण उभं राहिलं. बाबांनी स्टेशनवर मला एकच गोष्ट बजावली. "सुमीनं तुझ्यासाठी त्या घरात शब्द टाकला. तिथून एक तक्रार आली का सामान बांधायचं आन् घरी यायचं. पुढचं शिक्षण अकोल्यातच." सुमी म्हणजे माझी आत्या. बाबा रागावून बोलले नव्हते, हिशेब समजावून दिल्यासारखे बोलले होते, आणि हिशेब मला लहानपणापासून पटकन कळतो. तक्रार येऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम होतं.

घर विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, दुसऱ्या मजल्यावर. आत्या-काकांचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला होता, त्याची खोली मला मिळाली. विमानतळ जवळ असल्यामुळे विमानं घरावरून जायची. काचा थरथरायच्या, ओट्यावरची झाकणं बारीक वाजायची आणि बोलणं थांबवावं लागायचं. बाकीचे लोक तेवढ्यात काय बोलत होतो ते विसरायचे. काका विसरत नसत. तोंड किंचित उघडं ठेवून ते थांबायचे आणि विमान गेलं की वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. टोमण्याचा पूर्वार्ध येऊन गेला आहे, उत्तरार्ध विमानापलीकडे आहे आणि तो आपल्याच डोक्यावर पडणार आहे, अशी वाट मी त्या घरात पुष्कळदा पाहिली.

एकदा मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "आत्या, सांबार संपला." काका पेपर वाचत होते. "आपल्याकडे इडली कधी झाली?" मी सांगितलं, "काका, सांबार म्हणजे कोथिंबीर." "मग कोथिंबिरीला काय म्हणता?" "सांबार." "आणि सांबाराला?" मला दुसरा शब्द सुचेना. "सांबारच." काकांनी पान उलटलं. "छान. एका ताटात दोघांची सोय."

मला अन्याय करायचा नाही. काकांनी मला कधी दुखावण्यासाठी म्हणून दुखावलं नाही. ते टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्याही चुका काढायचे, लग्नपत्रिकेतल्या काढायचे, स्वतःच्या साहेबांच्या काढायचे. संध्याकाळी माझ्या बसला उशीर झाला तर ते थांब्यावर येऊन उभे असायचे आणि मी उतरले की माझ्याशी न बोलता चार पावलं पुढे चालू लागायचे. हे सगळं आज दिसतं. तेव्हा एवढंच दिसायचं की तोंड उघडलं की चूक होते. म्हणून मी त्या घरात तीनच शब्दांवर आले. हो, नको, चालेल. या तिन्हींत विदर्भ कुठे सापडत नाही.

आत्याचं मला नवल वाटायचं. ती माझ्याच घरात वाढलेली, बाबांची सख्खी बहीण. पण तिच्या बोलण्यात अकोला औषधालाही उरलं नव्हतं. तिचा "पाणी"तला ण असा स्वच्छ वाजायचा की मला माझं पानी लपवावंसं वाटायचं. बाबांचा फोन आला तरी ती पुण्याचंच बोलायची. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करायची, सकाळी डबे भरून निघायची, संध्याकाळी येऊन आमटीला फोडणी द्यायची आणि तिच्यात गूळ टाकायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की इथे येऊन माणूस असा होतो, आणि आपणही होऊ.

उरलेलं सगळं बोलणं मी तस्नीमकडे करायचे. तस्नीम माझ्या बाकावर बसायची. बुधवार पेठेत तिच्या आजोबांच्या वेळेपासूनचं दुकान होतं, रेडिओचे सुटे भाग आणि वायरी विकणारं, आणि आता कॉम्प्युटरचे भागही. कॉलेज सुटलं की शनिवार पेठेतून चालत आम्ही तिथे जायचो. दुपारी गिऱ्हाईक कमी असे, तिचे वडील पुढे बसून कुठलंतरी यंत्र उघडून बघत असत आणि मागच्या बाजूला बिलांसाठी ठेवलेला कॉम्प्युटर मोकळा असे. तिथे राळ आणि तापलेल्या तारेचा वास असायचा. तो वास अजूनही कुठे आला की मला बोलायची इच्छा होते. तस्नीमचं मराठी काकांना माझ्या मराठीपेक्षा जास्त आवडलं असतं. ती म्हणायची, "तुझं मराठी ऐकून लोक विचारतात, 'कुठली गं तू?' माझं ऐकूनही तेच विचारतात. फरक एवढाच, मी इथलीच आहे."

एके दिवशी मी तिला सांबाराचा किस्सा सांगितला. ती हसली, आणि मग म्हणाली, "हे बघ, मी रोज किती ऐकायचं? लिहून काढ की. ब्लॉग लिही. फुकट असतो." तिनेच पान उघडून दिलं. ब्लॉगचं नाव काय, असं त्यात विचारलं होतं. मला विचार करावा लागला नाही. मी लिहिलं, आवडून राहिली.

लिहिणं तेव्हा सोपं नव्हतं. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि पडद्यावर मराठी उमटायचं, पण उमटेलच असं नाही. वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसायच्या. माझी मुलगी आता फोनला बोलून मराठी लिहिते आणि तो बरोबर लिहितो. मी तिला त्या चौकटींविषयी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुला फॉलोअर किती होते?" मी सांगितलं, सुरुवातीला एक, नंतर बरे होते. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा दाखवणारी एक छोटी पट्टी होती. मी रोज त्या आकड्यातून माझ्या आणि तस्नीमच्या भेटी वजा करायचे. पहिले कितीतरी दिवस बाकी शून्य यायची, आणि खरं सांगायचं तर त्या शून्याने मला सुरक्षित वाटायचं.

कारण घरातलं लिहायचं तर ओळख लपवणं भाग होतं. मी स्वतःसाठी एक नियम केला. माणसं बदलायची, वाक्यं बदलायची नाहीत. त्याप्रमाणे काकांचा मामा केला, आत्याची मामी केली, विश्रांतवाडीचं नाव घेतलं नाही आणि विमानं काढून टाकली. विमानं काढताना फार जिवावर आलं, कारण काकांच्या बोलण्याची अर्धी गंमत त्यांच्यात होती. पण वाक्यं जशीच्या तशी ठेवली. ऐकलेलं वाक्य बदलणं मला आकडा बदलण्यासारखं वाटायचं. आणि ती वाक्यं लिहिताना एक विचित्र गोष्ट घडली. टेबलाशी जी टोचली होती ती लिहिल्यावर मला आवडायला लागली. मामा दिवसेंदिवस मजेदार होत चालला. मी घरी जेवताना काकांच्या बोलण्याची वाट बघू लागले.

आकडा हळूहळू वाढायला लागला. तो सगळ्यात जास्त वाढला गोळाभातानंतर. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा तेल-तिखट-मीठ घालून मळायचा, त्याचे गोळे शिजत आलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, आणि ताटात भात-गोळा कुस्करून त्यावर लसणाची कडकडीत फोडणी ओतायची. त्या ओतण्याला आमच्या घरात एक शब्द होता, चुर्र. तेल भातावर पडलं की जो आवाज येतो तोच शब्द. बाबांची आई पंगतीत पळी घेऊन फिरायची आणि विचारायची, "चुर्र देऊ का?" शेजारपाजारी तेल म्हणायचे, फोडणी म्हणायचे, चुर्र फक्त आमच्याकडे. तो शब्द आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. घरातले शब्द हे शब्दच असतात, घराचे असतात असं कोण समजतं? नावं बदलली, नाती बदलली, विमानं उडवून लावली आणि चुर्र मात्र तसाच ठेवला.

काही दिवसांनी त्याखाली एक अभिप्राय आला. नाव नव्हतं. "लसूण लाल होईपर्यंत थांबू नये. चुर्र कडू होतो. लसूण पांढरा असतानाच द्यावा, ताटात तो आपोआप लाल होतो." मी तो दुकानात वाचला आणि परत पहिल्या शब्दापासून वाचला. हे लिहिणारा माणूस चुर्र शब्द पहिल्यांदा ऐकून लिहीत नव्हता. तो त्या घरात जेवलेला होता. मी तस्नीमला म्हणाले, "घरच्या कोणीतरी पकडलं मला." ती म्हणाली, "कोणी?" आई-बाबांनी कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. आत्याने तो शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता, गोळाभात केला नव्हता, तिला मी कधीच वजा करून टाकलं होतं. राहिला नागपूरचा चुलतभाऊ, ज्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने बाबांना सांगितलं की बाबा आत्याला विचारणार, आत्या काकांना सांगणार, आणि मामाची सगळी वाक्यं काकांच्या हातात. मला घरात ठेवून घेणाऱ्या माणसाची मी जगासमोर टिंगल केली, असंच त्याला कोणीही म्हणालं असतं. तस्नीम म्हणाली, "पुसून टाक सगळं." पुसायचं बटण मी बघून ठेवलं. पण तितक्यात रविवार आला.

रविवारी काका पुरवणी मोठ्याने वाचायचे. ऐकायला कोणी असो नसो. मी कांदेपोह्यांसाठी मिरच्या चिरत होते, आत्या चहा गाळत होती. "इंटरनेटवरचे मराठी लेखक," काकांनी मथळा वाचला. "लेखक? बरं. बघू." आणि मग ते वाचू लागले. अमुक ब्लॉगवर कविता असतात, तमुकवर प्रवास. "विदर्भातून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या ब्लॉगचं नावच आहे, आवडून राहिली. तिला आमटी आवडून राहिली म्हटल्यावर तिचा पुणेरी मामा विचारतो, म्हणजे आधी आवडली, आणि मग इथेच राहिली. आणि..." इथे विमान आलं. काचा थरथरल्या. काका नेहमीप्रमाणे तोंड किंचित उघडं ठेवून थांबले, पेपर दोन्ही हातांत धरलेला. मी सुरी खाली ठेवली. सामान कोणत्या पिशवीत भरायचं इथपर्यंत मी पोहोचले होते. विमान गेलं. "आणि जाणार कधी," काकांनी वाक्य पुरं केलं.

ते पेपरकडे बघत होते. मग म्हणाले, "शहाणा माणूस दिसतो हा मामा."

आत्या चहाचे कप घेऊन बाहेर गेली. "हो ना," ती म्हणाली. "असे मामा आता राहिले नाहीत. घ्या, निवतोय."

"भाषेची चाड असलेला माणूस आहे. अशी माणसं हवीत."

"घरोघरी हवीत," आत्या म्हणाली आणि आत आली. मी ओट्याला टेकून उभी होते. तिने पोह्यांची कढई चढवली, तेल घातलं, मोहरी तडतडू दिली आणि त्या आवाजाच्या आडून, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "काहून इतकी घाबरून राहिली, पोट्टे? लसणाचं वाचलं का नाही तू?"

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. ते शब्द बाबांच्या आवाजासारख्या आवाजात, त्या स्वयंपाकघरात, पहिल्यांदा आले होते. शाळेच्या कार्यालयात कोणीतरी तिला गोळाभाताचा लेख ई-मेलने पाठवला होता. तेव्हा असे लेख नाव नसताना हातोहात फिरायचे. चुर्र या शब्दाशी ती थांबली, खाली दिलेल्या ब्लॉगच्या पत्त्यावर गेली आणि मधल्या सुट्टीत सगळा ब्लॉग वाचून काढला. "मामी लई बारीक बोलते तुयी," ती म्हणाली. "तिले जरा बोलू दे." मी विचारलं, "काकांना कळलं तर?" आत्याने पोहे परतले. "कळलं तर कळलं. मी हाय न." ती लगेच थांबली, जणू तिचं तिलाच ऐकू आलं होतं. "मिरच्या दे," ती नेहमीच्या मराठीत म्हणाली.

माझी निम्मी भीती गेली, निम्मी राहिली. कारण दुपारी काकांनी कात्री मागितली, पुरवणीतला तो मजकूर कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच्या तळाशी ब्लॉगचा पत्ता छापलेला होता. काका एका कारखान्यात भांडार विभागात होते आणि त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. सोमवारी ते तोच शर्ट घालून कामाला गेले.

संध्याकाळी परत आले ते गप्प. जेवताना मी मुद्दाम नव्हे, घाबरून म्हणाले, "आत्या, मला भूक नाही लागून राहिली." काका काही बोलले नाहीत. विमान आलं आणि गेलं, तरी काही बोलले नाहीत. टीव्हीवर बातम्यांखालच्या पट्टीत एक त कमी करून "महत्वाचं" असं लिहिलं होतं, त्यावरही नाही. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. टोमणा आला असता तर मला निकाल कळला असता. निकालच लागेना. मी अभ्यासाची पुस्तकं एका बाजूला रचून ठेवली, म्हणजे न्यायची वेळ आली तर सोपं जावं. आत्या रोज रात्री माझ्या खोलीत डोकावून बघायची, पुस्तकांचा गठ्ठा दिसला की तो उचलून परत टेबलावर पसरायची आणि जायची.

तो आठवडा असा गेला, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी आत्याने डाळीचा भरडा काढला. एवढी वर्षं त्या घरात गोळाभात झाला नव्हता. काकांनी कढईकडे एकदा बघितलं आणि विचारलं नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. आत्याने त्यांना वाढलं, भात, त्यावर एक गोळा, बाजूला चिंचेचं सार. काकांनी ताट आपल्याकडे फिरवून सरळ केलं. गोळा हाताने फोडला, कुस्करला, भातात कालवला आणि थांबले. आत्या पळी घेऊन यायला वळलीच होती.

"हे असंच खायचं?" काका म्हणाले. "त्यावर तुमचा तो चुर्र द्यायचा असतो ना?"

पेपरात चुर्र नव्हता. त्यात फक्त आमटी होती. आत्याने तो शब्द त्या घरात मोठ्याने कधी उच्चारला नव्हता, मी तर नाहीच नाही. तो एकाच ठिकाणी लिहिलेला होता, आणि तिथपर्यंत पोहोचायचं तर मामाची सगळी वाक्यं ओलांडून जावं लागत होतं. म्हणजे काकांनी सगळं वाचलं होतं, स्वतःचं सगळं बोलणं, ओळीने, आणि आता माझ्यासमोर बसून तेल मागत होते. माझ्या छातीवरचं काहीतरी इतक्या पटकन उतरलं की मला एकदम भूक लागली. आज वयाच्या या टप्प्यावर पाठीमागे बघते तेव्हा वाटतं, परीक्षांचे निकाल, नोकरी, मुलीचं आजारपणातून उठणं, सुटकेचे क्षण पुष्कळ आले. पण त्या सगळ्यांना मी नकळत याच मापाने मोजत आले.

आत्याने लसूण पांढरा असतानाच पळी उचलली. भातावर तेल पडलं आणि तो आवाज आला. काकांनी घास घेतला. आम्ही दोघी बघत होतो. त्यांनी दुसरा घास घेतला, साराचा एक घोट घेतला, आणि मग तिसरा.

"कसा झालाय?" आत्याने विचारलं.

वरून विमान आलं. काका थांबले, घास तोंडाशी धरून. काचा थरथरल्या, झाकणं वाजली, आणि मी पहिल्यांदाच न घाबरता त्या विमानापलीकडच्या शब्दांची वाट पाहिली. आवाज विरला.

"आवडून राहिला," काका म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आत्याने पळी परत तेलात बुडवली. "असं का," ती म्हणाली. "आणि जाणार कधी?"

काकांनी ताट पुढे केलं.